पुण्याचा संघ कुठे गेला? वॉरियर्स ते सुपरजायंट, २०१०–२०१७

१/
महाराष्ट्राच्या अलीकडच्या क्रीडा-इतिहासात एक चमत्कारिक नोंद आहे. सात वर्षांच्या अवधीत पुण्याच्या नावाने दोन व्यावसायिक क्रिकेट संघ उभे राहिले आणि दोन्ही नाहीसे झाले. पहिला पैशाच्या वादात बुडाला, दुसरा अजिंक्यपदापासून एका धावेवर असताना मुदत संपून विसर्जित झाला. आज दोघांचेही मैदान नाही, गणवेश नाही, वारस नाही. या धाग्यात त्या दोन संघांची कथा सांगायची आहे. तिच्यात खेळ आहे, लिलाव आहे, न्यायालय आहे आणि मराठवाड्याचा दुष्काळही आहे.

२/
संघ नाहीसे होणे ही जगाला नवी गोष्ट नाही. अमेरिकेतील ब्रुकलिनचा प्रसिद्ध बेसबॉल संघ ‘डॉजर्स’ १९५७ च्या हंगामानंतर मालकाने उचलून लॉस एंजेलिसला नेला. ऑस्ट्रेलियात साउथ मेलबर्नचा फुटबॉल संघ १९८२ मध्ये सिडनीला गेला. त्याच देशात १९८९ साली सुरू झालेली व्यावसायिक बेसबॉल लीग दहा हंगामांत बंद पडली आणि तिच्याबरोबर तिचे संघही गेले. आपल्याकडे मात्र २००८ पर्यंत हा प्रश्न क्रिकेटच्या वाट्याला आलाच नव्हता, कारण आपले संघ मालकांचे नव्हतेच.

३/
पुणे ही क्रिकेटची जुनी पेठ. इंग्रज साहेबांना जिमखान्यावर सरावासाठी गोलंदाजी करता करता पालवणकर बाळू येथेच घडले. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवणाऱ्या प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. डिसेंबर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकरांनी पुण्यातच काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ या विक्रमाला नऊ धावा कमी असताना प्रतिस्पर्धी कर्णधाराने सामना सोडून दिला आणि तो विक्रम हातचा गेला.

४/
या संघांचा मालक कोण, असा प्रश्न कुणाला पडत नसे. ते महाराष्ट्राचे संघ होते. खेळाडू याच मातीतले, त्यांना बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे संघटना आणि प्रांताचे नाव. पैसा बेताचा होता, प्रवास रेल्वेचा होता. पण संघ एका सकाळी अचानक नाहीसा होईल, ही भीती नव्हती. पुढच्या साऱ्या कथेचे मर्म या फरकात आहे, म्हणून तो आधीच मांडला.

५/
२००८ मध्ये आयपीएल सुरू झाली. आठ शहरांच्या नावाने आठ संघ विकले गेले. सर्वांत महाग मुंबईचा, सुमारे ११ कोटी १९ लाख डॉलर. आठही संघांची मिळून किंमत सुमारे ७२ कोटी ३५ लाख डॉलर होती. ही रक्कम दहा वर्षांत हप्त्याहप्त्याने भरायची होती. बदल्यात प्रक्षेपणाच्या उत्पन्नातून मंडळ प्रत्येक संघाला वाटा देणार होते. त्या पहिल्या यादीत पुणे नव्हते.

६/
दोनच वर्षांत लीगची किंमत कुठल्या कुठे गेली. २१ मार्च २०१० रोजी चेन्नईत आणखी दोन संघांच्या बोली उघडल्या गेल्या. सहारा समूहाने पुण्यासाठी ३७ कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळचे सुमारे १,७०२ कोटी रुपये मोजले. दुसरा संघ कोचीचा, ३३ कोटी ३३ लाख डॉलरचा. दोन वर्षांपूर्वी जवळपास जेवढ्या पैशांत आठ संघ विकले गेले होते, तेवढ्यात आता दोनच आले. पुण्याचा संघ त्या दिवशी लीगमधला सर्वांत महाग संघ ठरला.

७/
या घटनेच्या पाठोपाठ वादळ आले. कोचीच्या संघातील भागीदारीची माहिती लीगचे प्रमुख ललित मोदी यांनी जाहीर केली. त्यावरून उठलेल्या वादात एप्रिल २०१० मध्ये केंद्रीय राज्यमंत्री शशी थरूर यांना पद सोडावे लागले आणि आठवड्याभरात मोदींनाही मंडळाने निलंबित केले. ज्यांच्या काळात सौदा झाला ते गेले. सौद्याचा हिशेब मात्र पुढच्यांच्या गळ्यात राहिला.

८/
हिशेब काय होता, हे नीट समजून घेऊ. दहा संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे. म्हणजे प्रत्येकाला १८ साखळी सामने, एकूण ९० आणि वर बाद फेरीचे चार, असे ९४. सहाराचे म्हणणे असे की, आम्ही ९४ सामन्यांच्या उत्पन्नाचा अंदाज धरून बोली लावली. प्रत्यक्षात २०११ मध्ये सामने झाले ७४. प्रत्येक संघाच्या वाट्याला १८ ऐवजी १४. घरच्या मैदानावरचे नऊ सामने सातवर आले. तिकिटे, जाहिराती, प्रायोजक, सारेच त्या प्रमाणात घटले. वार्षिक ३ कोटी ७० लाख डॉलरचा हप्ता मात्र जागचा हलला नाही.

९/
शुल्क त्या प्रमाणात कमी करावे, ही मालकांची मागणी. बोली लावताना सामन्यांची संख्या कायम राहील असे वचन नव्हते, ही मंडळाची भूमिका. तंट्याचा निवाडा लवादाने करायचा, तर लवाद कोण, येथेच गाडी अडली. पुण्याच्या पहिल्या संघाची सारी कारकीर्द या एका न सुटलेल्या गाठीभोवती फिरत राहिली. मैदानावरचे पराभव लोकांना दिसत होते, ही गाठ दिसत नव्हती.

१०/
संघाचे नाव ठेवले ‘पुणे वॉरियर्स इंडिया’. जानेवारी २०११ च्या लिलावात रॉबिन उथप्पासाठी २१ लाख डॉलर आणि युवराज सिंगसाठी १८ लाख डॉलर मोजले गेले. युवराज कर्णधार झाला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २ एप्रिल २०११ रोजी भारताने विश्वचषक जिंकला आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तोच युवराज. आठवड्याभरात पुण्याचा संघ मैदानात उतरला. यापेक्षा शुभ मुहूर्त कुठला असणार?

११/
पण या पुण्याच्या संघाला पुण्यात मैदानच नव्हते. जुने नेहरू स्टेडियम महापालिकेच्या मालकीचे. त्याच मैदानावर २९ फेब्रुवारी १९९६ रोजी विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळून क्रिकेटविश्वाला धक्का दिला होता. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे नवे मैदान गहुंजे येथे द्रुतगती महामार्गालगत आकार घेत होते. ते तयार होईपर्यंत पहिल्या हंगामात पुण्याचे ‘घरचे’ सामने नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. पुणेकराला आपला संघ पाहायचा तर घाट उतरून जावे लागे.

१२/
पहिले दोन सामने जिंकले आणि मग पराभवांची रांग लागली. हंगामाअखेर दहा संघांत नववा क्रमांक. याच हंगामात लेगस्पिनर राहुल शर्मा लोकांच्या नजरेत भरला; भुवनेश्वर कुमारसारखा गोलंदाज पुढे घडला तोही याच संघात. दरम्यान युवराजची प्रकृती ढासळत होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याला कर्करोग असल्याचे जाहीर झाले आणि उपचारांसाठी तो अमेरिकेला गेला. कर्णधाराविना संघ दुसऱ्या हंगामाला सामोरा गेला.

१३/
त्याच फेब्रुवारीत, लिलावाच्या दिवशीच, सहाराने भारतीय संघाचे प्रायोजकत्व आणि आयपीएलमधील संघ दोन्ही सोडत असल्याचे घोषित केले. कारणे दोन : सामन्यांच्या संख्येचा जुना वाद आणि युवराजच्या बदली खेळाडूसाठी मागितलेली सवलत. काही दिवसांत समेट झाला, संघ वाचला. गाठ मात्र सुटली नाही, फक्त झाकली गेली.

१४/
१ एप्रिल २०१२ रोजी गहुंजेच्या मैदानाचे उद्घाटन शरद पवार यांच्या हस्ते झाले. इंग्लंडमधील हॉपकिन्स या वास्तुरचनाकारांनी आखलेले हे मैदान : मागे डोंगर, समोर महामार्ग, चहूबाजूंनी वारा खेळता राहावा अशी रचना. नामकरणाचे हक्क सहाराने घेतले आणि मैदान ‘सुब्रत रॉय सहारा स्टेडियम’ झाले. पुढे ठरलेले पैसे न मिळाल्याचे कारण देऊन संघटनेने ते नाव उतरवले. संघ, मैदान आणि नाव अशी तिन्ही नाती एकाच धाग्यात ओवलेली होती. एक तुटल्यावर बाकीची टिकणे कठीण होते.

१५/
दुसऱ्या हंगामात नेतृत्व सौरव गांगुलीकडे आले. २०११ च्या लिलावात त्याला कुणी घेतले नव्हते. जखमी आशिष नेहराच्या जागी तो पुण्यात आला होता. ५ मे २०१२ रोजी ईडन गार्डन्सवर तो कोलकात्याविरुद्ध पुण्याचा कर्णधार म्हणून उतरला, तेव्हा कोलकात्याचे प्रेक्षक कुणाच्या बाजूने ओरडावे या संभ्रमात दुभंगले. पुण्याच्या संघाला अशा तऱ्हेने हजारो पाठीराखे मिळाले, पण ते कोलकात्यात. कोलकाता तो सामना सात धावांनी जिंकले.

१६/
त्या हंगामात पुण्याने अखेरचे नऊ सामने लागोपाठ गमावले. पुढच्या वर्षी पुन्हा नऊ पराभवांची माळ लागली. त्यातच २३ एप्रिल २०१३ चा बंगळुरूचा सामना. ख्रिस गेलने तीस चेंडूंत शतक आणि ६६ चेंडूंत नाबाद १७५ धावा केल्या, १७ षटकार ठोकले. बंगळुरू ५ बाद २६३. पुणे १३० धावांनी हरले. पुणे वॉरियर्सचे नाव आज विक्रमांच्या पुस्तकात निघते ते बहुधा या पानावर, तेही समोरच्या बाजूला.

१७/
तरी या संघाचा शेवटचा सामना विजयाचा होता. १९ मे २०१३ रोजी गहुंजेवर पुण्याने दिल्लीला ३८ धावांनी हरवले. त्यानंतर दोनच दिवसांनी, २१ मे रोजी, शुल्काची पूर्ण रक्कम न भरल्यावरून मंडळाने बँक हमी वटवल्याची बातमी आली आणि सहाराने आयपीएल कायमची सोडल्याचे जाहीर केले. ऑक्टोबरमध्ये मंडळाने करार रद्द केला. तीन हंगाम, ४६ सामने, १२ विजय, प्रत्येक हंगामात बरोबर चार.

१८/
हा एकटा पुण्याचा दोष नव्हता. कोचीचा संघ एकाच हंगामानंतर २०११ मध्ये बाद झाला, २००९ चा विजेता हैदराबादचा डेक्कन चार्जर्स २०१२ मध्ये, पुणे २०१३ मध्ये. दर वर्षी एक संघ अशा गतीने लीगने आपलीच लेकरे गिळली. तिन्ही ठिकाणी कारण मुळात एकच होते : उद्याच्या उत्पन्नावर आजची बोली. द्राक्षबागेला फुलोरा धरताना काढलेले कर्ज गारपिटीनंतर कसे दिसते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे गणित समजावून सांगावे लागत नाही.

१९/
येथे एका योगायोगाची नोंद केली पाहिजे. पुणे वॉरियर्सचा करार रद्द झाला त्याच मोसमात महाराष्ट्राचा रणजी संघ, तो जुना, बिनमालकाचा संघ, अंतिम फेरीत पोहोचला. उपांत्यपूर्व सामन्यात त्याने मुंबईला वानखेडेवरच हरवले. केदार जाधवचे नाबाद शतक आणि जालन्याच्या विजय झोलच्या नाबाद ९१ धावा. केदारने त्या मोसमात १,२२३ धावा जमवल्या. अंतिम सामन्यात कर्नाटकाने महाराष्ट्राला हरवले. पण संघ होता, आहे.

२०/
विजय झोल हा त्या काळातील मराठवाड्याचा अभिमान. २०११-१२ च्या मोसमात त्याने १९ वर्षांखालील कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. आयपीएलमध्ये तो गेला बंगळुरूच्या संघात. पुण्याच्या नावाचा संघ जिवंत असताना जालन्याचा मुलगा कन्नड शहराच्या गणवेशात, असे हे जग. यात कुणाचा अपराध नाही. लिलावाला जिल्हे आणि तालुके कळत नाहीत.

२१/
आता दुसरा संघ. २०१३ च्या सट्टेबाजी प्रकरणात न्या. लोढा समितीने जुलै २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थान या संघांवर दोन वर्षांची बंदी घातली. रिकाम्या दोन जागा दोनच वर्षांसाठी भरायच्या होत्या. ८ डिसेंबर २०१५ रोजी उलटा लिलाव झाला. मंडळाकडून मिळणाऱ्या वाट्यापैकी जो कमीत कमी मागेल त्याला संघ. बोली ४० कोटींवरून उतरत शून्याच्या खाली गेली. संजीव गोएंका यांच्या समूहाने पुण्यासाठी उणे १६ कोटींची बोली लावली. म्हणजे वाटा नको, उलट वर्षाला १६ कोटी आम्हीच देऊ. दुसरा संघ राजकोटला, उणे दहा कोटींना गेला.

२२/
‘रायझिंग पुणे सुपरजायंट्स’ जन्माला आला तोच मृत्यूची तारीख कपाळावर घेऊन. बंद पडलेल्या दोन संघांतील खेळाडू वाटून घेताना पुण्याने पहिली निवड महेंद्रसिंग धोनीची केली. मग अजिंक्य रहाणे, रविचंद्रन अश्विन, स्टीव्ह स्मिथ आणि फाफ डु प्लेसी. यांपैकी रहाणे हा संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा, म्हणजे घरचा. स्मिथ तर पूर्वी पुणे वॉरियर्सकडूनही खेळला होता. दोन्ही संघांचा गणवेश घालणाऱ्या मोजक्या खेळाडूंत तो एक. ९ एप्रिल २०१६ रोजी वानखेडेवर मुंबईला नऊ गडी राखून हरवत संघाने दणक्यात सुरुवात केली.

२३/
तो उन्हाळा मात्र क्रिकेटचा नव्हता. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. मराठवाड्यातील धरणांचा साठा एक आकडी टक्क्यांवर आला होता, जायकवाडी मृतसाठ्यावर. वाटूर, परतूर, मंठा या पट्ट्यातील वाचकांना तो उन्हाळा वेगळा सांगायला नको. २०१२-१३ मध्ये जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळल्या होत्या, त्या जखमेवर हा दुसरा घाव होता. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोहोचली.

२४/
त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयात एका स्वयंसेवी संस्थेची जनहित याचिका चालू होती. मैदाने आणि खेळपट्ट्यांवर सामन्यांसाठी सुमारे ६० लाख लिटर पाणी खर्च होईल, असा आकडा तिच्यात पुढे आला. न्या. कानडे आणि न्या. कर्णिक यांच्या खंडपीठाने संघटनांना खडसावले. संघटनांनी मार्ग सुचवले : महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून प्रक्रिया केलेले सांडपाणी आणू, मुंबई आणि पुणे हे संघ दुष्काळ निधीला प्रत्येकी पाच कोटी देतील. १३ एप्रिलला न्यायालयाने आदेश दिला : ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. पुढे १ मेचा पुण्यातील एक सामना तेवढा होऊ दिला. सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही.

२५/
साठ लाख लिटर म्हणजे किती? माणशी रोज २० लिटर धरले तर तीन लाख माणसांचे एका दिवसाचे पाणी. ही संख्या लहान नाही. आता दुसरा हिशेब. ऊस वर्षभरात सुमारे दोन मीटर उंचीचे पाणी पितो. हेक्टरी दोन कोटी लिटर. म्हणजे साऱ्या सामन्यांचे पाणी सुमारे तीस गुंठे उसाचे. सामने हलवून मराठवाड्याची तहान भागणार नव्हती, हे उघड होते आणि न्यायालयासमोर तसा युक्तिवादही झाला.

२६/
तरीही तो आदेश अस्थानी होता, असे म्हणणे घाईचे होईल. घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला रात्री दूरचित्रवाणीवर हिरव्यागार मैदानावर उडणारे तुषार दिसतात, तेव्हा प्रश्न लिटरांचा राहत नाही. पाणी कुणासाठी आधी, याचा क्रम कुणीतरी उच्चारावा लागतो. तो तेव्हा न्यायालयाने उच्चारला. उणीव राहिली ती वेगळी : प्रतीकाला शासन झाले आणि तीस गुंठ्यांच्या पलीकडचे लाखो हेक्टर प्रश्नाबाहेर राहिले. सोपे लक्ष्य सापडले की अवघड लक्ष्य विसरणे सोयीचे होते.

२७/
पुण्याचा संघ आपले सामने घेऊन विशाखापट्टणमला गेला. पहिला संघ नेरुळमध्ये जन्मला, दुसरा ऐन हंगामात आंध्रात. आठ संघांत क्रमांक सातवा. पुढच्या वर्षी नावातले अनेकवचन गळून ‘सुपरजायंट’ झाले, धोनीकडून कर्णधारपद काढून स्मिथला दिले गेले आणि बेन स्टोक्ससाठी साडेचौदा कोटी मोजले गेले. तोवर कोणत्याही परदेशी खेळाडूला एवढी बोली लागली नव्हती.

२८/
२०१७ चा हंगाम पुण्याचा होता. १४ पैकी नऊ विजय, गुणतालिकेत दुसरा क्रमांक. जयदेव उनाडकटचे २४ बळी, सतरा वर्षांचा वॉशिंग्टन सुंदर आणि महाराष्ट्राच्या रणजी संघातील राहुल त्रिपाठी. दहा लाखांच्या मूळ किमतीला घेतलेल्या या सलामीवीराने ३९१ धावा केल्या. ईडनवर ५२ चेंडूंत ९३. कोट्यवधींच्या ताऱ्यांच्या रांगेत, गहुंजेच्या प्रेक्षकांना ‘हा आपला’ म्हणता येईल असा खेळाडू अखेर मिळाला.

२९/
त्या हंगामात पुण्याने मुंबईला साखळीत दोनदा आणि पात्रता सामन्यात एकदा हरवले. चौथी गाठ हैदराबादला, अंतिम फेरीत, २१ मे २०१७ रोजी. मुंबई ८ बाद १२९. शेवटच्या षटकात पुण्याला ११ धावा हव्या होत्या. चेंडू मिचेल जॉन्सनच्या हाती. पहिल्या चेंडूवर मनोज तिवारीचा चौकार. दुसऱ्यावर तो बाद, तिसऱ्यावर अर्धशतकवीर स्मिथ बाद. शेवटच्या चेंडूवर चार हव्या. दोन धावा झाल्या, तिसरी घेताना डॅन ख्रिश्चन धावचीत. पुणे ६ बाद १२८.

३०/
एका धावेने हरलेला तो संघ त्याच रात्री इतिहासजमा झाला. बरोबर चार वर्षांपूर्वी, त्याच २१ मे रोजी, पहिल्या संघाच्या मालकांनी पाठ फिरवली होती. दुसऱ्याचा हिशेब ३० सामने, १५ विजय, १५ पराभव. पुढचे वर्ष नसल्याने ‘पुढच्या वर्षी बघू’ हे पाठीराख्याचे शेवटचे समाधानही पुणेकरांच्या वाट्याला आले नाही.

३१/
उपसंहार अधिक विलक्षण आहे. एप्रिल २०१८ मध्ये कावेरीच्या पाणीतंट्यावरून चेन्नईत आंदोलन पेटले आणि परतलेल्या चेन्नई संघाचे घरचे सामने गहुंजेला आले. पाण्याने पुण्याचा संघ घालवला होता, पाण्यानेच चेन्नईचा संघ पुण्यात आणला. २० एप्रिलला चेन्नईहून खास रेल्वेने पाठीराखे आले आणि सामना झाला चेन्नई विरुद्ध राजस्थान. ज्या दोघांच्या अनुपस्थितीमुळे पुण्याचा दुसरा संघ जन्मला, तेच दोघे पुण्याच्या मैदानावर; धोनी पिवळ्या गणवेशात. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने या मैदानासाठी पवना नदीचे पाणी उचलण्यास मनाई केली.

३२/
ऑक्टोबर २०२१ मध्ये दोन नवे संघ विकले गेले. गोएंका समूहाने लखनौ घेतले, ७,०९० कोटींना. उणे १६ पासून येथवरचा प्रवास सहा वर्षांचा. नाव ठेवले ‘लखनौ सुपर जायंट्स’. अर्थात पुण्याचे अर्धे नाव लखनौला गेले. निविदेतील शहरांच्या यादीत पुणे नव्हतेच. फुटबॉलमध्येही तेच घडले होते : एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडून त्याची जागा हैदराबादने घेतली.

३३/
यातून निष्कर्ष काय काढावा? व्यावसायिक संघ वाईट, असा नव्हे. राहुल त्रिपाठीसारख्यांना दार उघडले ते याच व्यवस्थेने. पण शहराचे नाव भाड्याने घेता येते आणि शहराची निष्ठा भाड्याने मिळत नाही, ती मुक्कामाने मिळते. दोन्ही संघांना मुक्कामाला वेळच मिळाला नाही. पहिल्याचे हिशेब चुकले, दुसऱ्याची मुदतच दोन वर्षांची होती.

३४/
जून २०२३ मध्ये गहुंजेवर महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. पुणेरी बाप्पा, कोल्हापूर, रत्नागिरी, सोलापूर, नाशिक आणि मराठवाड्याच्या राजधानीचे नाव घेतलेला छत्रपती संभाजी किंग्ज. पहिले विजेतेपद रत्नागिरीला मिळाले. पैसा लहान, तारे लहान, पण खेळणारी मुले याच राज्यातली. तिच्यातील संघ तरी टिकतील का, हे काळ ठरवील. वाटूरच्या एखाद्या मुलाला त्यातल्या एका संघाचा गणवेश मिळाला, तर त्याच्या गावाला तो संघ कुणाच्या मालकीचा आहे हे विचारण्याची गरज पडू नये, एवढीच अपेक्षा.

(धागा समाप्त. तुम्ही गहुंजेवर यांपैकी कुठला सामना पाहिला होता? जरूर लिहा.)